गुन्ह्यांचे आकडे आणि पोलिसांची जबाबदारी : न्यूयॉर्कच्या ‘कॉम्पस्टॅट’ पद्धतीचा अनुभव

शहरातील कोणत्या भागात, कोणत्या वेळी आणि कोणत्या प्रकारचे गुन्हे घडत आहेत याची नोंद दर आठवड्याला एकत्र करायची आणि तिच्या आधारे त्या त्या भागाच्या पोलीस प्रमुखाला सर्वांसमक्ष जाब विचारायचा, ही पद्धत जगभर ‘कॉम्पस्टॅट’ या नावाने ओळखली जाते. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाने ती १९९४ मध्ये सुरू केली. संगणकीय किंवा तुलनात्मक आकडेवारी अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा हा संक्षेप असून, त्यातला नेमका शब्द कोणता याविषयी दोन मते आहेत. पुढे अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांनी ही पद्धत स्वीकारली. बाल्टिमोरच्या महापौरांनी २००० मध्ये तीच कल्पना सफाई, रस्ते, पाणीपुरवठा अशा नागरी सेवांनाही लावली. भारतात मासिक गुन्हे आढावा बैठकीची प्रथा त्याहून बरीच जुनी आहे. मात्र अलीकडच्या काळात त्या बैठकीत आलेले संगणकीय नकाशे आणि ठाणेनिहाय तुलनेचे तक्ते याच धाटणीचे आहेत.

या पद्धतीचा तीन दशकांचा इतिहास पाहिला तर एकाच आकड्याकडून दोन परस्परविरोधी कामे करून घेतली गेल्याचे दिसते. गस्त कुठे घालावी हे त्याने सांगावे अशी अपेक्षा होती, आणि अधिकाऱ्याला बढती द्यावी की त्याची बदली करावी हेही त्यानेच ठरवावे अशीही. पहिल्या कामासाठी आकडा खरा असावा लागतो. दुसऱ्या कामात तो लहान असण्यातच नोंद करणाऱ्याचे हित असते.

रंगीत खडूंचे नकाशे

या पद्धतीचा जनक म्हणून जॅक मेपल यांचे नाव घेतले जाते. ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे पोलीस दलात लेफ्टनंट होते. हॅट, बो-टाय आणि दुरंगी बूट हा त्यांचा वेश दलात चर्चेचा विषय होता. संगणक हाताशी नसतानाच्या काळात त्यांनी कचेरीच्या भिंतीवर सुमारे ५५ फूट लांबीचे नकाशे लावले आणि रेल्वेमार्गावरील प्रत्येक जबरी चोरी रंगीत खडूने त्यावर टिपली. महिनोन्‌महिने हे केल्यावर गुन्हे सर्वत्र सारखे विखुरलेले नसून काही स्थानके, काही तास आणि काही टोळ्या यांच्याभोवती एकवटलेले आहेत, हे नुसत्या नजरेने दिसू लागले. १९९० मध्ये या रेल्वे पोलीस दलाचे प्रमुख म्हणून आलेल्या विल्यम ब्रॅटन यांनी मेपल यांना बळ दिले. तिकीट चुकवणाऱ्यांना पकडण्याची मोहीम तेव्हाचीच. पकडलेल्यांपैकी दर सातांतील एकाच्या नावावर आधीचे वॉरंट निघाले आणि दर एकविसांतील एकाजवळ शस्त्र सापडले, असे ब्रॅटन यांनी पुढे नमूद केले आहे.

जानेवारी १९९४ मध्ये रुडॉल्फ ज्युलियानी महापौर झाले. त्यांनी ब्रॅटन यांना शहराचे पोलीस आयुक्त नेमले आणि ब्रॅटन यांनी मेपल यांना थेट उपायुक्तपदावर आणले. रेल्वे पोलिसांतील एका लेफ्टनंटची ही झेप दलातील ज्येष्ठांना रुचणारी नव्हती. मेपल यांनी आपल्या पद्धतीची चार सूत्रे एका उपाहारगृहात कागदी रुमालावर लिहून काढली, असे सांगितले जाते. अचूक व ताजी माहिती, मनुष्यबळाची तत्काळ रवानगी, परिणामकारक उपाय आणि सातत्याने पाठपुरावा ही ती सूत्रे.

यातील पहिले सूत्र आज साधे वाटते, पण तेव्हा ते क्रांतिकारक होते. १९९४ पूर्वी न्यूयॉर्कमध्ये गुन्ह्यांची आकडेवारी प्रामुख्याने संघराज्याच्या तपास यंत्रणेला, म्हणजे एफबीआयला, पाठवण्यासाठी तयार होत असे आणि ती हाती येईपर्यंत तीन ते सहा महिने लोटत. एखाद्या वस्तीत घरफोड्या वाढल्या आहेत हे मुख्यालयाला कळेपर्यंत घरफोडे दुसऱ्या वस्तीत गेलेले असत. मेपल यांनी ही माहिती दर आठवड्याला मागवण्यास सुरुवात केली. वरिष्ठांचे लक्ष आणखी एका विसंगतीकडे गेले : अमली पदार्थविरोधी पथके आणि वॉरंट बजावणारी पथके प्रामुख्याने सोमवार ते शुक्रवार आणि दिवसाच्या पाळीत काम करीत, तर गोळीबाराच्या घटना रात्री आणि शनिवार-रविवारी शिगेला पोहोचत. हे शोधून काढायला संगणकाची गरज नव्हती, पण नकाशा समोर येईपर्यंत तसा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

सकाळी सातची बैठक

आठवड्यातून दोनदा सकाळी सात वाजता पोलीस मुख्यालयात बैठक भरे. शहर पंचाहत्तरहून अधिक प्रीसिंक्टमध्ये, म्हणजे आपल्याकडील पोलीस ठाण्यांच्या हद्दीसारख्या विभागांत, वाटलेले होते. पाळी आलेल्या प्रीसिंक्टचा प्रमुख व्यासपीठावर उभा राही. मागच्या पडद्यावर त्याच्या हद्दीचा नकाशा आणि त्यावर गेल्या काही आठवड्यांतील गुन्ह्यांचे ठिपके असत. समोर मेपल आणि गणवेशधारी दलाचे सर्वोच्च अधिकारी लुई ॲनेमोन. अमुक चौकातील चार जबरी चोऱ्यांमध्ये काही साम्य आहे का, त्यात वापरलेले वाहन एकच आहे का, पकडलेल्याकडून बंदूक कुठून आणली हे विचारले का, गुन्हे शाखेचा अधिकारी आणि गस्तीचा अधिकारी एकमेकांशी शेवटचे कधी बोलले, अशी प्रश्नांची सरबत्ती चाले. तयारी न करता आलेल्याची शोभा होई. पहिल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने प्रीसिंक्ट-प्रमुख बदलले गेले.

पोलीस दलाच्या कारभाराशी परिचित असलेल्यांना या बैठकीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. उतरंडीच्या यंत्रणेत माहिती वर जाताना गाळली जाते आणि आदेश खाली येताना विरतो. इथे मधल्या चार पायऱ्या ओलांडून शहराचे वरिष्ठ अधिकारी थेट हद्दीच्या प्रमुखाशी, तेही एका ठरावीक गल्लीविषयी बोलत होते. एरवी एकमेकांच्या दारात न जाणाऱ्या शाखा एकाच खोलीत बसत होत्या. १९९६ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलचा प्रशासकीय नावीन्याचा पुरस्कार या पद्धतीला मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ब्रॅटन झळकले. श्रेय कोणाचे या प्रश्नावरून महापौर आणि आयुक्त यांच्यात आधीच धुसफूस होती आणि एप्रिलमध्ये ब्रॅटन पायउतार झाले. पद्धत मात्र कायम राहिली.

घट झाली, पण कशामुळे?

न्यूयॉर्कमध्ये १९९० मध्ये २,२४५ खून झाले होते. १९९८ मध्ये ही संख्या ६३३ वर आली आणि २०१७ मध्ये ३०० च्या खाली गेली. एवढ्या मोठ्या शहरात एवढी घसरण क्वचितच नोंदली गेली असेल. तिचे श्रेय पूर्णपणे कॉम्पस्टॅटला देता येत नाही याची कारणे स्पष्ट आहेत. घसरण १९९१ पासून, म्हणजे ज्युलियानींचे पूर्वसुरी डेव्हिड डिंकिन्स यांच्या कारकिर्दीतच सुरू झाली होती आणि हजारो नव्या पोलिसांच्या भरतीचा निर्णयही त्यांचाच होता. क्रॅक कोकेनची साथ त्या सुमारास ओसरत होती. अमेरिकेतील इतर शहरांतही गुन्हे घटत होते. सॅन दिएगोने तर वस्तीतील रहिवाशांशी सहकार्यावर भर देणाऱ्या वेगळ्याच पद्धतीने आणि तुलनेने कमी मनुष्यबळात मोठी घट साधली होती.

घट हा निव्वळ आकड्यांचा खेळ होता, हा आरोपही टिकत नाही. गुन्हेशास्त्रज्ञ फ्रँकलिन झिमरिंग यांनी पोलिसांचे आकडे बाहेरच्या नोंदींशी ताडून पाहिले. खुनांसाठी आरोग्य विभागाच्या मृत्यूनोंदी आणि वाहनचोरीसाठी विमा दावे त्यांनी तपासले, तेव्हा घसरणीचा कल दोन्हीकडे जुळला. मृतदेह लपवता येत नाही आणि विम्याचा दावा करणारा मालक गप्प बसत नाही. प्रश्न उरतो तो ज्यांची नोंद पूर्णपणे पोलिसांच्या मर्जीवर असते त्या गुन्ह्यांचा.

हजार डॉलरची रेघ

कॉम्पस्टॅटमध्ये सात गंभीर गुन्ह्यांवर लक्ष असे : खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, मोठी चोरी आणि वाहनचोरी. चोरीस गेलेल्या मालाची किंमत एक हजार डॉलरपेक्षा अधिक असेल तर ती ‘मोठी चोरी’. त्याखाली किरकोळ गुन्हा, जो या सात आकड्यांत येत नाही. म्हणजे फिर्यादीने सांगितलेली किंमत जराशी कमी धरली की हद्दीतील गुन्हेगारी कागदावर घटते.

जॉन इटर्नो आणि इलाय सिल्व्हरमन या अभ्यासकांनी न्यूयॉर्क पोलीस दलातील कॅप्टन आणि त्यावरील दर्जाच्या निवृत्त अधिकाऱ्यांचे सर्वेक्षण केले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दरवर्षी घट दाखवण्याच्या दबावाखाली नोंदींत अयोग्य बदल होत असल्याचे शंभराहून अधिक अधिकाऱ्यांनी सांगितले. चोरीच्या वस्तूची किंमत कमी दाखवता यावी म्हणून काही अधिकारी ‘ईबे’सारख्या संकेतस्थळांवर तीच वस्तू स्वस्तात कुठे मिळते ते शोधत, ही माहिती त्यातलीच. फिर्यादीने तक्रार देऊ नये वा तिचे स्वरूप सौम्य करावे म्हणून काही ठिकाणी अधिकारी स्वतः घटनास्थळी जात असत. पोलीस दलाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि आपल्या अंतर्गत तपासणीत चुकांचे प्रमाण अत्यल्प असल्याचे म्हटले.

याच सुमारास ब्रुकलिनमधील ८१ व्या प्रीसिंक्टचे प्रकरण बाहेर आले. तेथील पोलीस अधिकारी एड्रियन स्कूलक्राफ्ट यांनी हजेरीच्या वेळी वरिष्ठ देत असलेल्या सूचना गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ठरावीक संख्येने समन्स व झडत्यांचा आग्रह आणि जबरी चोरीच्या तक्रारी टाळण्याचे इशारे त्यात होते. त्यांनी अंतर्गत चौकशीकडे तक्रार केल्यानंतर ३१ ऑक्टोबर २००९ रोजी वरिष्ठ अधिकारी त्यांच्या घरी गेले आणि त्यांना बळजबरीने मनोरुग्ण विभागात दाखल करण्यात आले. तेथे त्यांना सहा दिवस ठेवले गेले. दलाच्याच गुणवत्ता तपासणी शाखेने २०१० मध्ये त्यांच्या तक्रारीतील बऱ्याच बाबींना दुजोरा दिला होता, हे २०१२ मध्ये वृत्तपत्रातून उघड झाले. २०१५ मध्ये शहराने त्यांच्याशी सहा लाख डॉलरची तडजोड केली. पोलीस आयुक्त रेमंड केली यांनी नेमलेल्या माजी अभियोक्त्यांच्या समितीनेही, नोंद तपासणीतील त्रुटींचा काही गुन्ह्यांच्या प्रसिद्ध आकड्यांवर जाणवण्याजोगा परिणाम झाला असावा, असा निष्कर्ष काढला.

अशा सौम्य केलेल्या नोंदीचे नुकसान एका फिर्यादीपुरते राहत नाही. एखाद्या पादचारी पुलावर रात्री आठच्या सुमारास तीन जणांना लुटले आणि त्यातील दोन नोंदी ‘वस्तू हरवली’ अशा झाल्या, तर नकाशावर तिथे एकच ठिपका उमटतो. एका ठिपक्यासाठी कोणी गस्तीची वेळ बदलत नाही. चौथ्या माणसाला ज्या माहितीने वाचवले असते ती ठाण्यातच अडकून राहते.

दबावाची दुसरी वाट झडत्यांची होती. गुन्हे कमी दाखवायचे तसे काम अधिक दाखवायचे. संशयावरून रस्त्यात अडवून झडती घेण्याचे प्रकार न्यूयॉर्कमध्ये २०११ मध्ये ६,८५,७२४ इतके झाले. २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंतच्या ४४ लाख प्रकारांचा तपशील न्यायालयासमोर आला तेव्हा त्यातील ८८ टक्के प्रकरणांत ना अटक झाली होती ना समन्स, आणि अडवलेल्यांत ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. १२ ऑगस्ट २०१३ रोजी संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. झडत्या घटल्या तर गुन्हे उसळतील, असा इशारा तेव्हा दिला जात होता. २०१५ पर्यंत झडत्या २३ हजारांच्या खाली आल्या. २०११ मध्ये ५१५ असलेले खून २०१५ मध्ये ३५२ झाले.

ब्रिटनने काय केले

आकड्यांवरचा विश्वास उडाल्यावर संस्था कसा प्रतिसाद देऊ शकते, याचे उदाहरण इंग्लंड व वेल्समध्ये सापडते. जानेवारी २०१४ मध्ये तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला. सरकारच्याच पोलिसांचे आकडे विश्वासार्ह नाहीत, असे सरकारी संस्थेने जाहीरपणे सांगण्याचा हा प्रसंग विरळाच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोलीस निरीक्षणालयाच्या अहवालाने पोलिसांकडे आलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक गुन्हे नोंदलेच जात नसल्याचे दाखवले. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण एकचतुर्थांशाहून थोडे अधिक होते. हे ताडून पाहता आले, कारण तेथे १९८० च्या दशकापासून घरोघर जाऊन ‘गेल्या वर्षभरात तुमच्याबाबतीत गुन्हा घडला का’ असे विचारणारे स्वतंत्र सर्वेक्षण होते. अमेरिकेतही १९७० च्या दशकापासून तसे सर्वेक्षण चालते.

भारतातील नोंदवही

भारतात असे नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची (एनसीआरबी) स्थापना १९८६ ची, तर ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. राज्यांनी पुरवलेली माहिती संकलित करणे हे या विभागाचे काम असून, ती माहिती पोलीस ठाण्यातील नोंदींवरच उभी असते. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर त्यातील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला असेल तर मोजणीत तो खून ठरतो. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा हा विभाग स्वतःच देत असतो. तरीही अहवाल प्रसिद्ध होताच राज्याराज्यांत पहिला-दुसरा क्रमांक लावण्याची चढाओढ सुरू होते आणि नोंदणीबाबत तुलनेने दक्ष मानले जाणारे केरळ दरवर्षी ‘गुन्हेगार’ राज्यांच्या यादीत वर दिसते.

दिल्लीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे २०१२ मध्ये बलात्काराचे ७०६ गुन्हे नोंदले गेले आणि २०१३ मध्ये १,६३६. डिसेंबर २०१२ च्या सामूहिक अत्याचार प्रकरणानंतर कायद्यातील व्याख्या व्यापक झाली, नोंद टाळणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली आणि तक्रार देण्यास महिला मोठ्या संख्येने पुढे आल्या. एका वर्षात शहर दुपटीहून अधिक असुरक्षित झाले, असे कोणी म्हणणार नाही. आढावा बैठकीच्या तक्त्यात मात्र ही वाढ लाल अक्षरांतच दिसेल.

गुन्हा नोंदवण्याऐवजी दडपण्याला भारतीय पोलीस दलात ‘बर्किंग’ हा शब्द रूढ आहे. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८० च्या आपल्या चौथ्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली. त्यात उद्धृत केलेल्या एका जनमत पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांनी तक्रार न नोंदवणे हा ठाण्यातील नित्याचा गैरप्रकार असल्याचे सांगितले होते. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. २०१२ मध्ये देशात सुमारे ६० लाख गुन्हे नोंदले गेले, तर न नोंदलेल्या तक्रारींची संख्याही जवळपास तेवढीच असावी, असे याच निकालपत्रात म्हटले आहे.

मुंबई-पुण्यासह मोठ्या शहरांतील वाचकांना याची सर्वांत परिचित खूण म्हणजे मोबाइल. गर्दीत खिशातून काढून घेतलेला फोन ‘गहाळ’ म्हणून लिहून घेतला जातो, आणि विम्यासाठी वा नव्या सिमकार्डसाठी कागद हवा असलेला तक्रारदारही त्यावर समाधान मानतो. चोरीचा तपास करावा लागतो, गहाळ वस्तूचा नाही. साध्या दुखापतीची तक्रार अदखलपात्र म्हणून लिहिणे कायद्याला धरूनच असते. गंभीर दुखापत त्याच रकान्यात गेली की ती दिसेनाशी होते.

तंत्रज्ञानाची कमतरता आता फारशी उरलेली नाही. देशभरातील ठाणी जोडणारी सीसीटीएनएस ही संगणकीय यंत्रणा २००९ मध्ये सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाली. दिल्ली पोलिसांनी उपग्रह नकाशांवर आधारित ‘सीमॅप्स’ प्रणालीही उभारली. परंतु या प्रणाल्यांना मिळणारी माहिती ठाणे अंमलदाराच्या टेबलावरूनच येते. त्या टेबलाला वळसा घालणारे उपाय थोडे आहेत, पण ते उपयोगी ठरतात. दिल्लीत २०१५ पासून वाहनचोरीची तक्रार ऑनलाइन करता येऊ लागली, तशी त्या नोंदीतील पोलिसांच्या मर्जीची जागा आक्रसली. राजस्थानने २०१९ मध्ये ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षक कार्यालयात गुन्हा नोंदवण्याची सोय केली. त्यानंतर राज्यातील नोंदी वाढल्या आणि सरकारला विधानसभेत त्या वाढीचा बचाव करावा लागला. एकशे बारा क्रमांकावर आलेले दूरध्वनी, रुग्णालयांतील जखमींच्या नोंदी आणि विमा दावे हे ठाण्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येण्याजोगे आणखी तीन स्रोत. झिमरिंग यांनी न्यूयॉर्कमध्ये केले ते याच जातीचे काम होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. तीन वर्षे वा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा याच कलमाने पोलिसांना दिली आहे. ठाण्याने नोंद नाकारल्यास तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.